निचरा, घराच्या आवाराचा

घराच्या छपरावर, अंगणात व परसात पडणारे किंवा बाहेरून आवारात शिरणारे पाणी भिंतींपासून दूर नेऊन योग्य ठिकाणी सोडण्याची अथवा मुरविण्याची व्यवस्था म्हणजे घराच्या आवाराचा निचरा होय. शेतजमिनीचा निचरा पिकांच्या मुळांना हवा मिळावी म्हणून करतात, तर गावातील गटारव्यवस्थेचा मुख्य हेतू सार्वजनिक आरोग्य हा असतो. आवाराच्या निचऱ्याचा हेतू याहून वेगळा आहे. पायाच्या आसपासच्या मातीतील ओलावा वर्षभर शक्य तितका एकसारखा ठेवणे आणि भिंतीला सतत लागून राहणारे पाणी टाळणे, ही त्याची दोन कामे होत. घरबांधणीच्या अंदाजपत्रकात या कामास बहुधा शेवटचे स्थान मिळते, आणि पैसे कमी पडले की प्रथम तेच वगळले जाते. वस्तुतः पावसाळ्यात घराचे होणारे बरेचसे नुकसान छप्पर गळण्याने न होता जोत्याजवळ साचलेल्या पाण्याने होते. मात्र ते सावकाश होत असल्यामुळे त्याचे कारण लक्षात येत नाही.

कमी पावसाच्या प्रदेशात या व्यवस्थेची फारशी गरज नसते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. नाशिक जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक ठरते. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीस वर्षाकाठी ३,००० मिमी.च्या वर पाऊस पडतो, तर पूर्वेकडील निफाड, चांदवड, येवला या पर्जन्यछायेतील तालुक्यांत तो सु. ५०० ते ७०० मिमी. एवढाच असतो. असे असूनही भिंतींना तिरपे तडे जाणे, फरशी उचलली जाणे, दारांच्या चौकटी वाकून दारे अडकणे हे दोष इगतपुरीच्या मुरमाड व खडकाळ भूमीपेक्षा निफाड तालुक्याच्या सपाट काळ्या जमिनीवर अधिक संभवतात. याचे कारण पावसाच्या प्रमाणात नसून जमिनीच्या प्रकारात आहे.

काळी व पांढरी : लासलगाव हे निफाड तालुक्यातील गाव नाशिकच्या ईशान्येस सु. ६० किमी. वर मुंबई–भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या तेथील कृषि उत्पन्न बाजार समितीमुळे ते कांद्याच्या व्यापाराचे देशातील एक प्रमुख केंद्र बनले. उत्तरेस सातमाळा डोंगररांग व दक्षिणेस गोदावरीचे पात्र यांच्या दरम्यानच्या या पट्ट्यात बेसाल्ट खडकाच्या विदारणाने बनलेली काळी कसदार माती आहे. तिच्याखाली मुरूम व त्याखाली खडक असा क्रम सामान्यतः आढळतो. डोंगराच्या बाजूस मातीचा थर उथळ, तर नदीकडे तो अधिकाधिक खोल होत जातो.

महाराष्ट्रातील खेड्याच्या पारंपरिक वर्णनात ‘काळी’ व ‘पांढरी’ असे दोन शब्द येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हा भेद केवळ वापराचा नाही. गावठाणाची जागा बहुधा आसपासच्या शेतांपेक्षा उंच असे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीमुळे पडलेल्या भिंतींची माती, राख व चुनखडीचे कण साचून ती आणखी उंचावत जाई. अशी माती पाण्याने फारशी फुगत नाही, म्हणूनच धाब्याच्या घरांच्या छपरांवर पसरण्यासाठीही पांढरी माती वापरीत असत. पांढरीवरील घराला उंचीमुळे निचरा आणि मातीमुळे स्थैर्य या दोन्ही गोष्टी आपोआप लाभत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकसंख्या, बाजारपेठ व रस्ते यांच्या वाढीबरोबर गावे आपल्या गावठाणांबाहेर पसरली. बिनशेती परवानगी घेऊन शेतांचे भूखंड पडले आणि काळीवर घरे उभी राहिली. शेतातील पाणी नेणारे चर व ओघळ भूखंडांच्या आखणीत बुजले. विटा, सिमेंट व पोलादी सळया यांमुळे घर पूर्वीपेक्षा मजबूत झाले असे मानले गेले. पण जी जागा निवडताना पूर्वजांनी निचऱ्याचा प्रश्न जवळजवळ सोडविला होता, ती जागाच मागे पडली होती. लासलगावसारख्या बाजारपेठेच्या गावांत नव्या वसाहतींमधील घरांना जुन्या वाड्यांच्या मानाने लवकर तडे का जातात, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या स्थलांतरात सापडते. बांधकामाच्या दर्जाला दोष देण्याआधी या गोष्टीचा विचार करणे न्यायाचे होईल.

पाण्याचे परिमाण : आवारात किती पाणी येते, याची कल्पना सहसा नसते. १ चौ. मी. क्षेत्रावर १ मिमी. पाऊस पडला की १ लि. पाणी जमते. त्यामुळे १०० चौ. मी. क्षेत्राच्या छपरावर एका सरीत २५ मिमी. पाऊस पडल्यास २,५०० लि. म्हणजे पाण्याच्या लहान टँकरच्या निम्म्याएवढे पाणी खाली येते. वर्षाच्या ६०० मिमी. पावसात हेच छप्पर ६०,००० लि. पाणी गोळा करते. ते एका पन्हळीतून भिंतीलगत एकाच ठिकाणी पडत असेल, तर घराच्या त्या कोपऱ्याला मिळणारे पाणी कोकणातील जमिनीला मिळणाऱ्या पाण्यापेक्षाही कितीतरी अधिक होते. कमी पावसाच्या प्रदेशातही घराचा एखादा कोपरा अतिपर्जन्याचा प्रदेश बनू शकतो तो असा.

पर्जन्यछायेच्या प्रदेशातील पाऊस एकसारखा पडत नाही. मृगाच्या सरींनंतर कित्येक दिवसांची उघडीप, मग पुन्हा जोरदार सर आणि शेवटी हस्त नक्षत्रातील मेघगर्जनेसह येणारा पाऊस, असे त्याचे स्वरूप असते. तासाला ५० मिमी. वेगाने पडणाऱ्या सरीत वरील छपरावरून सेकंदाला सु. १·४ लि. पाणी उतरते. निचऱ्याची व्यवस्था वर्षाच्या सरासरीवर न आखता अशा अल्पकालीन जोराच्या सरींवर आखावी लागते.

नुकसानीची प्रक्रिया : काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील खनिजांचे प्रमाण मोठे असते. या खनिजांच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात व माती फुगते. पाणी निघून गेले की ती आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या, कित्येक सेंमी. रुंद व मीटरभर खोल भेगा हे या आकुंचनाचे दृश्य रूप होय. ऋतुमानानुसार होणारा ओलाव्याचा हा बदल भारतातील काळ्या मातीत सर्वसाधारणपणे सु. ३·५ मी. खोलीपर्यंत जाणवतो. एकमजली घराचा पाया त्या मानाने उथळ असतो आणि त्याच्या भिंतींचा भारही मातीच्या फुगण्याच्या दाबाला थोपवून धरण्याइतका नसतो.

संपूर्ण घराखालची माती सारखीच फुगली असती, तर घर थोडे वर उचलले जाऊन पुन्हा खाली बसले असते व विशेष बिघडले नसते. हानी होते ती असमान फुगण्यामुळे. पन्हळ पडते तो कोपरा, न्हाणीघराच्या मोरीची बाजू किंवा भिंतीलगतच्या फुलझाडांचा वाफा या ठिकाणची माती ओली राहते, तर ओट्याखालची व घराच्या मधल्या भागाखालची माती कोरडी असते. ओला भाग वर येतो, कोरडा जागच्या जागी राहतो आणि दोहोंमधील भिंत तिरपी फाटते. खिडकीच्या कोपऱ्यापासून निघून छताकडे तिरपा चढणारा, पावसाळ्यात मिटणारा व उन्हाळ्यात उघडणारा (किंवा याच्या उलट वागणारा) तडा हे या प्रकाराचे ठळक लक्षण होय. असा तडा सिमेंटने बुजविल्यास पुढील ऋतूत तो शेजारीच पुन्हा उमटतो. मोठ्या झाडामुळे याच्या उलट क्रिया घडते. मुळे भिंतीखालील ओलावा शोषून घेतात व तो भाग खचतो. चिकणमातीच्या भूमीवर सर्वत्र हा अनुभव येतो. इंग्लंडमध्ये १९७६ च्या तीव्र अवर्षणात लंडन व आग्नेय भागातील पुष्कळ घरांच्या भिंती जमीन आकसल्यामुळे फाटल्या. अमेरिकेतील टेक्सास, सूदान व ऑस्ट्रेलियाचा काही भाग येथेही फुगणाऱ्या मातीचा प्रश्न मोठा आहे.

दुसरी हानी ओलीची. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असे म्हणतात. परंतु वीट, चुना व मातीचा गिलावा यांतील केसासारख्या सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते व भिंतीत जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ओल पोहोचू शकते. पाण्याबरोबर जमिनीतील विद्राव्य लवणेही वर येतात. पृष्ठभागाशी पाणी उडून जाते, लवणांचे स्फटिक मागे राहतात आणि त्यांच्या वाढीच्या दाबाने गिलाव्याचे पोपडे सुटतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. कालव्याच्या पाण्याने चिबड झालेल्या गावांत जमिनीतील लवणांचे प्रमाण वाढलेले असल्यामुळे लोणा विशेष त्रासदायक ठरतो. ओल्या भिंतीमुळे चौकटींना वाळवी लागते, साठविलेल्या धान्याला व कपड्यांना बुरशी धरते. लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटमध्ये ओल शिरल्यास सळया गंजून फुगतात व काँक्रीट फुटते. मातीच्या भिंतींच्या बाबतीत धोका सर्वांत गंभीर असतो. जोत्यावर उडणाऱ्या शिंतोड्यांनी व तळाशी साचलेल्या पाण्याने भिंतीचा पायथा मऊ होत जातो, आणि लांबलेल्या पावसात ती एकाएकी कोसळते. पावसाळ्यात घराची भिंत पडून माणसे दगावल्याच्या ज्या बातम्या दरवर्षी येतात, त्यांपैकी अनेक घटनांच्या मागे अशी पायथ्याशी भिजलेली भिंत असते.

पारंपरिक व्यवस्था : झाकलेल्या गटारांची योजना भारतात सिंधू संस्कृतीइतकी जुनी आहे. महाराष्ट्रातील वाड्यांच्या रचनेतही पाण्याचा विचार बारकाईने केलेला आढळतो. लासलगावजवळील विंचूर हे विंचूरकर सरदारांचे ठाणे होते. त्या काळच्या वाड्यांचे जोते घडीव काळ्या दगडाचे व चांगले उंच असे. बेसाल्टचा दाट दगड पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे उंच जोते ओलीला आपोआप अडवी. आधुनिक ओलरोधक थराचे काम त्या काळी दगडच करीत असे. चारी बाजूंच्या छपरांचे पाणी मधल्या चौकात उतरे. चौक भोवतालच्या ओसरीपेक्षा खाली व फरसबंद असे आणि त्यातील पाणी दगडी मोरीतून वाड्याबाहेर नेले जाई. कौलारू घरांच्या छपराचा भाग भिंतीपुढे बराच काढलेला असल्याने पागोळ्या जोत्यापासून दूर पडत. पागोळ्यांच्या रेषेत जमिनीवर गोटे अंथरण्याची पद्धत होती. त्यामुळे जमीन उकरली जात नसे व चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडत नसत. सांडपाणी परसात नेऊन त्यावर केळी व अळू लावीत. मात्र हे परस भिंतीपासून दूर होते. आज तीच केळ चिंचोळ्या भूखंडात भिंतीला टेकून लावली जाते, तेव्हा परंपरा पाळल्याचे समाधान मिळते, पण पाया भिजतो.

सपाट स्लॅबच्या घरांत पुढे आलेली वळचण नाहीशी झाली. स्लॅबवरील पाणी पाइपांनी खाली आणतात आणि पुष्कळदा पाइपाचे तोंड जोत्याजवळ वीतभर अंतरावर मोकळे सोडून देतात. घरबांधणीतील ही सर्वांत सामान्य व सर्वांत स्वस्तात दूर करता येण्यासारखी चूक आहे.

आवाराची रचना : राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोत्याची उंची भोवतालच्या जमिनीपासून निदान ४५ सेंमी. असावी लागते आणि इमारतीच्या आतील चौक भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान १५ सेंमी. उंच ठेवावा लागतो. जोत्याच्या माथ्यावर सर्व भिंतींखालून सलग जाणारा, सु. ४ सेंमी. जाडीचा दाट काँक्रीटचा व वरून डांबर दिलेला ओलरोधक थर घालतात. बाहेरची माती, वाफा किंवा फरशी या थराच्या वर चढता कामा नये. अंगणात वर्षानुवर्षे भराव व फरशीचे थर पडत गेले, की मूळचे ४५ सेंमी.चे जोते प्रत्यक्षात वीतभर उरते व ओलरोधक थर निरुपयोगी होतो.

निचऱ्याचा पाया म्हणजे उतार होय. भिंतीपासून पहिल्या ३ मी. अंतरात जमीन १५ सेंमी. उतरावी, म्हणजे उतार २० स १ असावा. भिंतीलगत घरभोवती सु. १ मी. रुंदीचा फरसबंद किंवा काँक्रीटचा पट्टा करतात. पक्क्या पृष्ठभागावरून पाणी सहज वाहत असल्याने त्यास ४० स १ एवढा उतार पुरतो. काळ्या जमिनीत हा पट्टा मातीवर थेट घालू नये. माती काढून तेथे मुरूम थराथराने ओला करून ठोकावा व मग पट्टा घालावा. पट्टा व भिंत यांमधील सांधा डांबर किंवा तत्सम लवचिक द्रव्याने भरावा लागतो. तो उघडा राहिल्यास पट्ट्यावरचे सर्व पाणी नेमके पायाशी उतरते. या पट्ट्याचा उपयोग केवळ पाणी वाहून नेण्यापुरता नाही. तो उन्हाळ्यात पायाजवळची माती वाळू देत नाही व पावसाळ्यात भिजू देत नाही. काळ्या मातीत हा दुसरा गुण पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मुरमाच्या उपयुक्ततेस शास्त्रीय आधार आहे. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या सुसंगत मातीचा पुरेसा जाड थर दिल्यास खालच्या मातीचे फुगणे पुष्कळ आटोक्यात राहते, असे दाखवून दिले. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या स्थूणांचा पाया विकसित केला. या स्थूणा ओलाव्याच्या बदलाच्या खोलीपाशी रोवल्या जात असल्याने वरच्या मातीच्या हालचालीचा घरावर फारसा परिणाम होत नाही. नवे घर बांधणाऱ्यास हे उपाय उपलब्ध आहेत. उभ्या घराच्या मालकाला मात्र निचरा सुधारणे हाच आवाक्यातील मार्ग असतो.

छपराच्या पाण्यासाठी ११० मिमी. व्यासाचा पाइप १०० स १ उताराने टाकल्यास सेकंदाला ५ लि. हून अधिक पाणी वाहून नेतो, म्हणजे वर उल्लेखिलेल्या सरीस तो सहज पुरेसा आहे. त्याचे तोंड भिंतीपासून निदान ३ मी. वर, गटारात किंवा शोषखड्ड्यात सोडावे. पाइपात पाने व कचरा अडकू नये म्हणून वर जाळी व प्रत्येक वळणावर साफ करण्याजोगी चौकोनी पेटी ठेवतात. उघडी गटारे सिमेंटची व गोल तळाची असावीत. सपाट तळाच्या गटारात थोडे पाणी पसरून गाळ टाकते. आवारापेक्षा वरच्या बाजूस शेत किंवा रस्ता असल्यास तेथून येणारे पाणी घरापर्यंत पोहोचण्याआधीच आडव्या चराने अडवून बाजूने वळवावे. नांगरटीच्या शेताला लागून असलेल्या घरांच्या बाबतीत बाकी सर्व उपायांपेक्षा हा एक चर अधिक गुणकारी ठरतो.

जमिनीखालून झिरपत येणारे पाणी पृष्ठभागावरील उताराने थांबत नाही. त्यासाठी भिंतीपासून काही अंतरावर चर खणून त्यात गिट्टी व सच्छिद्र नळी घालतात व वर मुरूम भरतात. काळ्या मातीत असा चर पायाला अगदी लागून घेणे धोक्याचे असते. त्याला बाहेर पडण्याची वाट नसेल, तर तो पायाशेजारचा हौद बनतो.

शोषखड्डा : नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे नाहीशी केली व डासांचा उपद्रव कमी केला, हे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यानंतर अनेक ग्रामपंचायतींनी ही पद्धत उचलली. सांडपाण्याच्या थोड्या व रोजच्या प्रमाणास हा खड्डा उत्तम असतो. पावसाच्या पाण्याचे गणित निराळे आहे. १ मी. लांब, रुंद व खोल अशा दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात गोट्यांमधील पोकळी निम्म्याहून कमी असते. म्हणजे त्यात एका वेळी ४०० लि.च्या आसपास पाणी मावते, व छपरावरून मात्र २,५०० लि. येते. उरलेले पाणी मुरण्याचा वेग मातीवर अवलंबून असतो आणि ओल्या काळ्या मातीचा तो वेग अत्यल्प असतो.

म्हणून काळ्या जमिनीतील शोषखड्डा मातीचा थर पार करून मुरमापर्यंत न्यावा लागतो. तो घरापासून व पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दूर असावा आणि जादा पाण्यास बाहेर पडण्याची वाट ठेवावी. खड्डा करण्यापूर्वी जागेची परीक्षा खड्ड्यात पाणी ओतून घेतात. ही परीक्षा उन्हाळ्यात घेतल्यास हमखास फसगत होते. भेगाळलेली माती पाणी भराभर पिते व जागा उत्तम असल्याचा भास होतो. भेगा मिटल्यावर तोच खड्डा आठवडाभर तुंबून राहतो. माती पूर्ण भिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरून पाहिल्यास खरा वेग कळतो.

रस्ता, शेजार व कायदा : आवाराचा निचरा आवाराच्या हद्दीत संपत नाही. रस्त्याचे डांबरीकरण किंवा काँक्रीटीकरण करताना जुना थर न खरवडता त्यावर नवा थर दिला, की रस्ता दर खेपेस काही सेंमी. वर येतो. काही वर्षांत अंगण रस्त्याच्या खाली जाते व पूर्वी घराकडून रस्त्याकडे वाहणारे पाणी उलट दिशेने वाहू लागते. मालकाने उंबऱ्याशी सिमेंटची आडवण घातली, तर पावसाचे पाणी बाहेर जाण्याची वाटही बंद होते. अनेक जुन्या गावठाणांत हे घडले असून, तेथील घरांच्या ओलीला घरमालक मुळीच जबाबदार नाहीत. सार्वजनिक काम करणाऱ्यांनी रस्त्याची पातळी ठरविताना दोन्ही बाजूंच्या जोत्यांची पातळी मोजणे आवश्यक आहे. तशी मोजणी फार क्वचित होते. अंगणात सर्वत्र पेव्हर ब्लॉक किंवा कोबा घालण्याच्या प्रथेने पूर्वी मुरणारे पाणीही आता वाहू लागले आहे.

शेजाऱ्यांमधील पाण्याच्या तंट्यांस १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम लागू होतो. तत्कालीन मुंबई इलाख्यात तो १८९१ पासून अंमलात आला. ठराविक प्रवाहमार्गाने न वाहणारे, वरच्या जमिनीवर पडलेले नैसर्गिक पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिक रीतीने वाहून जाऊ देणे खालच्या मालकावर बंधनकारक आहे. याचा अर्थ छपराचे पाणी पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडण्याची मुभा आहे असा मात्र होत नाही. ते नैसर्गिक वाहणे नव्हे. तथापि असे पाणी उघडपणे, शांततेने व अखंड २० वर्षे हक्काने सोडले गेले असल्यास वहिवाटीचा अधिकार उत्पन्न होऊ शकतो. त्यामुळे शेजाऱ्याची पन्हळ आपल्या आवारात पडू लागताच बोलणे झाले, तर ते दोघांच्याही हिताचे ठरते. सामाईक गटार दोन्ही मालकांनी मिळून काढणे हा खटल्यापेक्षा कितीतरी कमी खर्चाचा मार्ग आहे.

कांदाचाळ : लासलगाव परिसरात आवाराच्या निचऱ्यावर केवळ घरच नव्हे, तर वर्षाचे उत्पन्नही अवलंबून असते. मार्च ते मे या काळात काढलेला उन्हाळ कांदा घराशेजारच्या किंवा मळ्यातील चाळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत साठविला जातो. म्हणजे कांद्याची साठवण नेमकी संपूर्ण पावसाळाभर चालते [⟶ कांदा]. चाळीचा तळ जमिनीपासून सु. ४५ ते ६० सेंमी. उंच व फटींचा ठेवतात, जेणेकरून खालून हवा खेळते. परंतु चाळीखाली पाणी साचल्यास हीच हवा दमट होऊन कांद्याच्या ढिगातून वर जाते. कांद्याला मुळे व कोंब फुटतात, काळी बुरशी धरते व सड पसरते. हवेशीरपणासाठी केलेली योजना अशा वेळी घातक ठरते. त्यामुळे चाळीसाठी आवारातील सर्वांत उंच जागा निवडतात, तिच्याखाली मुरूम भरून मध्य उंच व कडा उतरत्या करतात, आणि छपराच्या पागोळ्यांच्या रेषेबाहेर दोन्ही बाजूंस चर काढतात. घर व चाळ शेजारी असल्यास एकाचे पाणी दुसऱ्याखाली जाणार नाही, अशी पातळी आधीच ठरवावी लागते. पुष्कळ ठिकाणी घरासमोरचे अंगण पक्के केल्यानंतर त्याचे पाणी चाळीकडे वळते आणि सडीचा दोष बियाण्याला किंवा खताला दिला जातो.

पाहणी व दुरुस्ती : निचऱ्यातील दोष शोधण्याची उत्तम वेळ म्हणजे जोराची सर चालू असतानाची. पाणी कोठून येते, कोठे थांबते व किती वेळाने ओसरते, हे त्या वेळी प्रत्यक्ष दिसते. सर संपल्यावर एका दिवसानंतरही भिंतीजवळ पाणी उरले असेल, तर तेथे उतार नाही असे समजावे. उताराची मोजणी गवंड्याच्या पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने करता येते. डोळ्यांचा अंदाज येथे विश्वसनीय नसतो, कारण भोवतालचे कुंपण व रस्ता यांच्या कलामुळे दृष्टी फसते. तड्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने तारीख लिहून ठेवल्यास वर्षभरात तो वाढतो, मिटतो की स्थिर आहे हे कळते. तडा बुजविण्याचे काम निचरा सुधारल्यानंतर एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ देऊन मगच करावे. गटारे व जाळ्या मृगापूर्वी साफ करण्याची रीत सर्वत्र आहे. त्या हस्ताच्या पावसापूर्वी पुन्हा पाहणे जरूर असते, कारण मधल्या काळात गवत व गाळ साचलेला असतो.

व्यवस्थेच्या मर्यादा : आवाराचा निचरा स्थानिक पावसाच्या पाण्यापुरताच समर्थ असतो. नदीचा पूर आल्यावर ज्या गटारात किंवा ओढ्यात पाणी सोडायचे, त्याचीच पातळी अंगणाच्या वर जाते व पाणी पाइपांतून उलटे घरात येते. गोदावरीकाठच्या चांदोरी व सायखेडा या निफाड तालुक्यातील गावांत ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचे पाणी शिरले, तेव्हा उतार व चर यांचा काही उपयोग होण्याजोगा नव्हता. अशा गावांत बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसविल्यास लहान पुरात पाणी मागे येत नाही. मोठ्या पुरासाठी जोत्याची उंची पूर्वीच्या पूररेषेवरून ठरवावी लागते. पूर ओसरल्यानंतर भिंतीलगत साचलेला गाळ आठवडाभरात काढून मूळचा उतार उघडा केला, तर भिंती त्याच उन्हाळ्यात वाळतात. गाळ तसाच राहिल्यास तो पुढील पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि पुरात टिकलेली भिंत त्यानंतरच्या वर्षी खचते.